लाल, पण पूर्ण लाल नाही

नव्या राज्याचा ध्वज ठरवायचा म्हणजे जगात उरलेल्या रंगांपैकी आपल्या वाट्याला काय येतं ते पाहायचं. चांगले रंग आधीच्यांनी उचललेले असतात. उरलेल्यांतला एक शेजाऱ्याच्या ध्वजात असतो, दुसरा शत्रूच्या, आणि तिसऱ्याबद्दल कापडवाला सांगतो की साहेब, हा दोन पावसांत विटेल. 1959 साली सिंगापूर नेमक्या याच पेचात सापडलं होतं.

त्या वर्षी 3 जूनला सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळालं. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांनी स्वतःकडे ठेवले आणि बाकीचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले. बाकीच्यात बेकारी होती, झोपड्या होत्या, संप होते आणि ध्वज होता. पहिल्या तिन्हींना वेळ लागणार हे उघड होतं. त्यातल्या त्यात लवकर उरकण्यासारखा ध्वजच. हे काम उपपंतप्रधान तो चिन च्ये यांच्या समितीकडे आलं. (तो हे त्यांचं आडनाव. एकेरी उल्लेख नव्हे.) गृहस्थ विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे, म्हणजे रक्त लाल का असतं हे त्यांना पक्कं ठाऊक. मुदत साधारण दोन महिन्यांची. आपल्याकडे एवढ्या अवधीत समितीच्या अध्यक्षांना बसायला खोली मिळत नाही.

तो चिन च्ये यांच्या मनात पूर्ण लाल ध्वज होता. मंत्रिमंडळ दचकलं. शेजारच्या मलायात कम्युनिस्टांविरुद्ध अकरा वर्षं आणीबाणी चालू होती. अशा वेळी लालभडक ध्वज फडकवणं म्हणजे पोलिसांना घरचा पत्ता कळवणं. मग खाली पांढरा पट्टा आला. पण वर लाल आणि खाली पांढरा म्हणजे थेट इंडोनेशिया. शिवाय मोनॅको. उलटा धरला तर पोलंड. आता कोपऱ्यात काहीतरी काढणं भागच होतं. तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी पुढे सांगितलंय, चिनी लोकांना पाच तारे हवे होते, चीनच्या ध्वजावर आहेत तसे. मलय लोकांना चंद्रकोर हवी होती. समितीने दोन्ही देऊन टाकलं.

त्यानंतर सगळ्याला अर्थ लावण्यात आला. लाल म्हणजे विश्वबंधुत्व आणि मानवाची समता. पांढरा म्हणजे चिरंतन पावित्र्य आणि सदाचार. चंद्रकोर म्हणजे उदयाला येणारं तरुण राष्ट्र. पाच तारे म्हणजे लोकशाही, शांतता, प्रगती, न्याय आणि समता. समता दोनदा आली, पण कुणी हरकत घेतली नाही. ध्वज कसा करायचा याचा सगळा धडा इथेच आहे. आधी प्रत्येकाला काय खपणार नाही ते विचारायचं, मग जे उरेल ते शिवायचं आणि शेवटी एखाद्या चांगल्या मराठीच्या, आपलं, इंग्रजीच्या मास्तरांकडून अर्थ लिहून घ्यायचा. आपण नेमकं उलटं करतो. आधी अर्थ ठरवतो, त्यावर तीन बैठका भांडतो आणि कापड राहूनच जातं.

हेच काम परदेशातल्या एखाद्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर सोपवलं असतं तर? भगवा घ्यायचा हे पहिल्या पाच मिनिटांत एकमताने ठरलं असतं. मग भगवा म्हणजे नेमका कोणता, यावर चहा झाला असता. झेंडूचा की जरीपटक्याचा? सातारच्या सदस्यांनी एक छटा आणली असती, नागपूरच्यांनी ‘आमच्याकडं असा नसतो’ म्हटलं असतं, आणि पुण्याच्या सदस्यांनी या विषयावर आपण 1998 मध्येच एक टिपण सादर केलं होतं याची आठवण करून दिली असती. खजिनदारांनी छपाईला एकच रंग परवडेल असं सांगितलं असतं. शेवटी गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवाचा फलक उलटा करून त्यावर तारीख टाकली गेली असती, आणि खरं सांगायचं तर तो छानच दिसला असता.

सिंगापूरमध्ये तसं झालं नाही. 11 नोव्हेंबरला विधानसभेने कायदा केला, आणि 3 डिसेंबर 1959 ला युसुफ बिन इशाक यांनी यांग दि-पर्तुआन नेगारा, म्हणजे राज्यप्रमुख म्हणून शपथ घेतली त्या दिवशी ध्वज, राजचिन्ह आणि गीत तिन्ही लोकांपुढे आली. तेव्हापासून ध्वज तोच आहे. 1963 मध्ये मलेशियात सामील झाले, तोच राहिला. 9 ऑगस्ट 1965 ला बाहेर पडले, तोच राष्ट्रध्वज झाला.

ऑगस्टमध्ये आमचे सासरे आमच्याकडे सिंगापूरला आले होते. अण्णा साताऱ्याकडच्या एका शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेत, आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांचे कागद तपासल्यामुळे कोणतंही चित्र समोर आलं की त्यांचा हात लाल पेनाकडे जातो. कम्युनिटी क्लबसमोरच्या खांबावरचा ध्वज त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

“जावईबापू, हा चंद्र कृष्णपक्षातला आहे.”

“अण्णा, ती उदयाला येणाऱ्या राष्ट्राची कोर आहे. सरकारी खुलासा आहे तसा.”

“असेल. पण वाढत्या चंद्राची फुगीर बाजू उजवीकडे असते. ह्याची डावीकडे आहे. हा अमावास्येकडे निघालाय.”

अण्णांचं म्हणणं आपल्याकडच्या आकाशापुरतं बिनचूक होतं. त्यांनी मग खांबाला वळसा घातला, मागून ध्वज पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. मागच्या बाजूने तो शुक्लपक्ष होता. “ह्यांनी फक्त बाजू चुकवली,” असा निर्वाळा देऊन त्यांनी सुबकपणाला दहापैकी सात गुण दिले. मी सिंगापूरची बाजू सावरली. हे गाव विषुववृत्ताला अगदी खेटून, जेमतेम एक अंश उत्तरेला. इथे चंद्रकोर बरेचदा आडवीच पडलेली दिसते, होडीसारखी. वाढतीये की कमी होतीये हे सांगायला कालनिर्णयच उघडावं लागतं. प्रतिपदेच्या कोरीसारखं वाढत जाण्याची कल्पना आम्हा मराठी लोकांना नवी नाही. शिवरायांच्या मुद्रेत ती तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी आलेली आहे. फक्त तिथे ती शब्दांत होती, त्यामुळे फुगीर बाजू कुठे हा प्रश्न आला नाही. शब्दांचा हा एक फायदा.

राजचिन्हाकडे वळल्यावर तर अण्णा खुर्ची ओढूनच बसले. मधोमध लाल ढाल, तिच्यावर तोच चंद्र आणि तेच तारे, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह म्हणजे सिंगापूर, वाघ म्हणजे मलायाशी असलेलं जुनं नातं. आता गंमत अशी, की या बेटावर सिंह कधीच नव्हता. वाघ मात्र भरपूर. एकोणिसाव्या शतकात मिरीच्या आणि गॅम्बियरच्या मळ्यांतले मजूर वाघ उचलून न्यायचे, सरकारने वाघ मारणाऱ्याला बक्षीस लावलं होतं, आणि शेवटचा रानवाघ 1930 च्या सुमारास चोआ चू कांग भागात मारला गेला. म्हणजे जो खरोखर इथला रहिवासी होता, तो राजचिन्हात पाहुणा म्हणून उभा आहे आणि ज्याने इथे पाऊलही टाकलं नाही तो घरमालक. भाडेकरू कायद्याचा एवढा उघड भंग दुसऱ्या कुठल्या देशाने राजमुद्रेवर कोरलेला नाही.

ह्याला जबाबदार सांग नील उत्तम नावाचा पालेमबांगचा राजपुत्र. मलय बखरीत त्याची कथा आहे. वादळात सापडलेलं जहाज हलकं करायला त्याने डोक्यावरचा मुकुटदेखील समुद्रात टाकला, किनाऱ्याला लागला आणि त्याला एक चपळ जनावर दिसलं. अंग लाल, डोकं काळं, छाती पांढरी आणि आकाराने बोकडापेक्षा जरासं मोठं. हे काय असावं, असं त्याने बरोबरच्यांना विचारलं. एका जाणकाराने सांगितलं, सिंह असावा. तेराव्या शतकाच्या अखेरीची ही गोष्ट. राजाला माहीत नाही असं म्हणण्यापेक्षा सिंह म्हणणं केव्हाही सुरक्षित. गावाचं नाव सिंहपूर ठरलं. लाल अंग आणि फिकट छाती ऐकून अण्णा म्हणाले, “हा राजपुत्र भीमाशंकरला उतरला असता तर त्याने शेकरूला सिंह म्हटलं असतं.” शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. आकार बोकडाएवढा नसला तरी बाकी वर्णन बरंचसं जुळतं.

फुटल्यावरही सिंगापूरने राजचिन्हातला वाघ काढला नाही, हे मला फार आवडतं. मलेशियाच्या राजचिन्हात दोन वाघ आहेत, सिंगापूरच्यात एक. वाटणी झाली, पण तसबीर उतरवली नाही.

राष्ट्रगीताची कथाही अशीच. ‘मजुला सिंगापुरा’ मुळात राष्ट्रगीत नव्हतंच. 1958 मध्ये व्हिक्टोरिया थिएटरचं नूतनीकरण झालं, तेव्हा नगरपालिकेला उद्घाटनासाठी एक गाणं हवं होतं. ते सुमात्राहून आलेल्या झुबीर सैद यांच्याकडून करून घेतलं. हे मलय चित्रपटांचे संगीतकार. नाट्यगृहाच्या उद्घाटनाचं गाणं पुढच्याच वर्षी थोडं आटोपशीर करून राज्याचं गीत झालं. गीत मलय भाषेत आहे. लोकसंख्येत चिनी वंशाचे बहुसंख्य, कारभार इंग्रजीत, पण गायचं सगळ्यांनी मलयमध्ये, आणि लोक गातातही. 2001 मध्ये नव्या संयोजनात त्याची पट्टी एका स्वराने खाली आणली, पांढरी पाचवरून पांढरी चारवर, कारण वरच्या सुरांना राष्ट्राचा आवाज चिरकत होता. लोकांनी रियाज वाढवावा असं परिपत्रक न काढता सरकारने सूर खाली आणला, एवढ्यावरून इथलं प्रशासन ओळखावं.

राष्ट्रीय फुलाची निवड झाली 1981 मध्ये. चाळीस वनस्पती स्पर्धेत होत्या, त्यांतली तीस ऑर्किड. निवडलं गेलं व्हँडा मिस जोकिम. फूल खरंच देखणं, गुलाबी-जांभळं, आणि बारा महिने फुलणारं, म्हणजे रजा न घेणारं. सिंगापूरला शोभेल असं. ते 1893 मध्ये अॅग्नेस जोकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतून पुढे आलं. आता यावर वाद असा की दोन जातींचा संकर बाईंनी मुद्दाम केला की एखाद्या मधमाशीने परस्पर उरकला. हा वाद बरीच वर्षं चालला. 2016 मध्ये वारसा मंडळाने बाईंच्या बाजूने कौल दिला. मधमाशीने अपील केल्याचं ऐकिवात नाही. मधल्या काळात वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलाची प्रजातीच बदलली आणि शास्त्रीय पुस्तकांत ते आता पॅपिलिओनांथे मिस जोकिम झालं आहे. लोक अजून व्हँडाच म्हणतात. माहेरचं नाव सुटत नाही.

आणि मग तो मर्लायन. वरून सिंह, खालून मासा. पर्यटन मंडळाला 1964 मध्ये बोधचिन्ह हवं होतं. ते काढलं अॅलेक फ्रेझर-ब्रुनर यांनी. हे व्हॅन क्लीफ मत्स्यालयाचे प्रमुख. मत्स्यतज्ज्ञाला सिंह काढायला सांगितला की कमरेखाली त्याचा हात आपोआप सरावाच्या वळणावर जाणारच. त्यावरून लिम नांग सेंग यांनी 8.6 मीटर उंचीचा, 70 टनांचा पुतळा घडवला आणि 1972 मध्ये नदीच्या मुखाशी तो तोंडातून पाणी सोडू लागला. 1997 मध्ये समोर पूल झाला आणि बिचाऱ्याचं समुद्रदर्शन बंद झालं. 2002 मध्ये त्याला 120 मीटर पुढे हलवलं. 2009 मध्ये त्याच्या डोक्यावर वीज पडून टवका उडाला. तो टवका बुजवून घेतला. त्याचं चित्र व्यापारासाठी वापरायचं तर पर्यटन मंडळाची परवानगी लागते. अण्णांनी त्याच्याकडे पाहून हात जोडले. “मत्स्य आणि नरसिंह एकाच मूर्तीत. मधले कूर्म आणि वराह गाळले. ही माणसं वेळ वाया घालवत नाहीत.”

परवानगीचं म्हणाल तर सिंगापूरमध्ये चिन्ह निवडण्यापेक्षा ते वापरणं अवघड. राजचिन्ह सरकारी कामापुरतं राखीव. सामान्य माणसालाही काहीतरी मिरवता यावं म्हणून 1986 मध्ये फक्त सिंहाचं मुखवटेवजा मस्तक आणलं. त्याच्या आयाळीला पाच भांग आहेत आणि तेही त्याच पाच आदर्शांचे. एकदा लिहून घेतलेला अर्थ वाया घालवू नये. ध्वज घराबाहेर लावण्याचा मोसम जुलै ते सप्टेंबर. 2022 च्या राष्ट्रीय प्रतीकांच्या कायद्यात ध्वजाच्या अवमानाला जबर शिक्षा आहे, 30,000 डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही. म्हणून ऑगस्टमध्ये एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारती मजल्यामजल्याला लालपांढऱ्या होतात, आणि मोसम सरला की ध्वज घडी करून कपाटात.

आम्हा मराठी माणसांचा ध्वज मात्र चैत्रात लागतो. एचडीबीच्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खोचायला नळ्या असतात, कपडे वाळत घालण्यासाठी. गुढीची इतकी नेटकी सोय पुण्यात एकाही बिल्डरने केलेली नाही. पाडव्याला आम्ही त्यात काठी खोचायला निघालो. मग लक्षात आलं, वर तांब्या आहे. वरच्या मजल्यावरून काही खाली पडलं तर इथे त्याला ‘किलर लिटर’ म्हणतात आणि तो गुन्हा आहे. गुढीने आनंदाऐवजी समन्स आणू नये म्हणून तांब्या तारेने असा जखडला की तो उतरवायला पुढे पक्कड लागली. शेजारच्या चिनी आंटी बाहेर आल्या, काठीला लटकलेली पैठणी पाहून हळहळल्या आणि म्हणाल्या, “इतकं भारी कापड, पाऊस येतोय, आत घे ला!” कडुलिंब, साखरेची गाठी, विजयाचं प्रतीक असं सगळं मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सरकारला विचारलंस का?”

आता आपलं. महाराष्ट्राला स्वतःचा अधिकृत ध्वज नाही, पण बाकी चिन्हांत आपण मागे नाही. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल तामण, वृक्ष आंबा. 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन हे राज्यफुलपाखरू झालं आणि असं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. योगायोग पाहा, त्याच 2015 मध्ये सिंगापूरच्या निसर्गप्रेमी संस्थेने लोकांची मतं घेऊन कॉमन रोज फुलपाखरू निवडलं. लाल अंग आणि पांढरे ठिपके. फुलपाखरानेदेखील ध्वजसंहिता पाळलेली. 2020 मध्ये आपण पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष ठरवला, 2023 मध्ये राज्यगीत ठरवलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पापलेटला राज्यमासा केलं. राज्याचं चिन्ह आमसुलाच्या सारासोबत तळून खाणारी प्रजा जगात बहुधा आपलीच. सिंगापूरच्या कायद्यात बसवायचं तर दर बुधवारी आणि रविवारी निम्मा कोकण आत जाईल.

आपली चिन्हं त्यांच्यापेक्षा कितीतरी अस्सल आहेत. शेकरू खरोखर आपल्या रानात उड्या मारतो. तामण खरोखर फुलतो, तेही नेमका महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे. सिंगापूरकडे न पाहिलेला सिंह, सुमात्राच्या माणसाचं गाणं, आर्मेनियन बाईंचं फूल आणि इंग्रजाने काढलेला मासा आहे. पाण्यापासून वाळूपर्यंत सगळं बाहेरून आणणाऱ्या गावाने प्रतीकंही बाहेरूनच आणली. तरी नऊ ऑगस्टला तेच गाणं लागलं की चिनी, मलय, तमिळ सगळे ताठ उभे राहतात. निवड कुणाच्याच पूर्ण मनासारखी नव्हती, आणि म्हणूनच ती कुणा एकाची झाली नाही. चिन्हाला अस्सलपणा नंतर येतो, साठ-सत्तर वर्षं रोज त्याचा मान राखल्यावर. आपण त्याच्या उलट. अस्सल माल निवडतो आणि शासननिर्णयाच्या फायलीत ठेवून देतो. सिंगापूरच्या रस्त्यांच्या कडेला तामण हौसेने लावलाय आणि इथे येणारे मराठी पाहुणे त्याखाली फोटो काढून विचारतात, हे कुठलं परदेशी झाड?

तेव्हा येत्या 1 मेला भाषण ऐकून झालं की आसपास जांभळ्या फुलांचं झाड शोधा आणि मुलांना सांगा की हे आपलं राज्यपुष्प. झाड ओळखता आलं नाही तरी एक गोष्ट नक्की जमेल. पापलेट कमी होतंय, आणि कोवळं पकडलं जातं हे त्याचं एक मोठं कारण आहे. त्याला राज्यमासा केलं ते त्यासाठीच. म्हणून बाजारात कोळीणबाईंनी हाताच्या पंजाएवढं पापलेट स्वस्तात देऊ केलं, तरी घेऊ नका. ते राज्यचिन्हाचं पोर आहे.